सल्ला: दरबार एकीकडे, भूत दुसरीकडे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही सहा खेळाडू आणि मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट मांडणारा आणि बाकीची सगळी पात्रं चालवणारा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं साकारून, फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर, २०१४च्या नियमांनी, आठ महिने एक गोष्ट खेळतोय. पंधरा दिवसांतून एकदा तीन तासांची बैठक, मधल्या दिवसांत ग्रुपवर लेखी खेळ. राजा अंथरुणाला खिळलाय, थोरल्या राजपुत्रावर विषप्रयोग होऊन तो गेलाय, गादीवर तिघांचा डोळा आहे. दुसरीकडे बालेकिल्ल्याच्या पोटातल्या जुन्या टाक्यात एक सावली आहे. तिचा स्पर्श झाला की माणूस स्वतःचं नाव विसरतो. तिघांना दरबार आवडतो, तिघांना टाकं. दरबार भरला की टाक्यावाले मोबाइल काढतात, टाक्यात उतरलो की दरबारवाले जांभया देतात. त्यात गेल्या बैठकीत एकीने राजपुत्राच्या प्रेताशी बोलायचा मंत्र वापरला, 'तुला कोणी मारलं?' विचारलं, आणि मी गडबडून 'अमात्याने' असं बोलून गेलो. दोन महिन्यांचं कारस्थान पाच मिनिटांत संपलं. आता एक धागा सोडून देऊ, की गटच दोन करू?"

सूत्रधार, नमस्कार.

गट मोडू नका आणि धागाही सोडू नका. तुमच्याकडे सध्या शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांना वेळ वाटून देताय. अर्धा तास हिला, अर्धा तास तिला. वाटणी कितीही चोख केली तरी निम्मं टेबल नेहमी पाहुण्यासारखं बसून राहणार. खात्री करायची असेल तर मागच्या तीन बैठकांची टिपणं काढा आणि त्यातून टाकं, सावली सगळं खोडा. दरबारातला एक तरी निर्णय बदलतो का बघा. मग उलट करा: दरबार खोडा आणि टाक्यात कोणी काही वेगळं केलं असतं का ते बघा. दोन्हीकडे उत्तर 'नाही' आलं, तर दुखणं खेळाडूंच्या आवडीनिवडीत नाही, गोष्टीच्या बांधणीत आहे. आणि ते दुरुस्त होतं.

टाक्यावाल्यांपैकी कोणी 'दरबार म्हणजे खऱ्या खेळातला वेळकाढूपणा' म्हणत असेल, तर त्याला या खेळाचा उगम सांगा. १९६९मध्ये डेव्हिड वेझली नावाच्या, टेबलावर फौजा मांडून युद्धखेळ खेळणाऱ्या माणसाने नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक प्रशियन गाव मांडलं, ब्राउनश्टाइन. खेळाडूंना नुसत्या फौजा न देता त्याने नगराध्यक्ष, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिका आणि प्रत्येकाला वेगळं उद्दिष्ट दिलं. खेळाडू लढाई बाजूला ठेवून कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी संधान बांधायला लागले. वेझलीला वाटलं, प्रयोग फसला. खेळाडूंना मात्र तसाच खेळ पुन्हा हवा होता. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर हा मुलूख उभा केला: वर सरदारांचे तंटे, किल्ल्याच्या खाली राक्षसांची भुयारं. त्या वाटेने १९७४मध्ये त्याचा आणि गॅरी गायगॅक्सचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला. म्हणजे कारस्थान आधी आलं आणि भुयार त्याच्याच पायाखाली खणलं गेलं. तुमचा बालेकिल्ला आणि त्याच्या पोटातलं टाकं ही तीच मांडणी आहे. तुम्ही फक्त मधला जिना बांधायचा विसरलात.

हा जिना तुमच्या सावलीतच आहे. ती रक्त पीत नाही, जीव घेत नाही, नाव घेते. आता कागदावर लिहून काढा, नाव नसलेला माणूस दरबारात काय करू शकत नाही? तो सही करू शकत नाही. साक्ष देऊ शकत नाही, कारण शपथ नावाने घ्यायची असते. वारसा सांगू शकत नाही. त्याच्या नावाचं वतन, कर्ज, वचन सगळं लोंबकळत राहतं. म्हणजे तुमच्या हातात आयतं असं भूत आहे जे माणसाला जिवंत ठेवून दरबारातून पुसून टाकतं. ज्याला साक्षीदार नको आहेत त्याला याहून सोयीचं काय असणार? अमात्याने गेल्या दोन महिन्यांत चार माणसं 'टाकं साफ करायला' खाली धाडली, आणि ती परत आली तेव्हा एकालाही आपण कोण हे सांगता येईना, एवढं ठरवलं की टाक्यातली प्रत्येक पायरी राजकारणाची होते. टाक्यावाले ज्या माणसाला वाचवतात तो दरबारवाल्यांचा साक्षीदार असतो. दरबारवाले जी हजेरीवही पळवतात तिच्यातली नावं टाक्यात उतरणाऱ्यांना लागतात.

सावलीला एकच नियम द्या, पण तो खेळाडूंना शोधून काढता येईल असा द्या. उदाहरणार्थ: ज्याचं नाव त्या क्षणी दुसरं कोणीतरी मोठ्याने उच्चारत आहे, त्याचं नाव तिला घेता येत नाही. एवढ्याने दोन गोष्टी होतात. टाक्यात एकट्याने उतरणं मूर्खपणाचं ठरतं आणि सगळ्यांना एकत्र राहावं लागतं. शिवाय हीच गोष्ट दरबारात हत्यार म्हणून वापरता येते. भर दरबारात एखाद्याचं विसरलेलं नाव कोणी खणखणीत आवाजात पुकारलं, तर तो प्रसंग दोन्ही गटांनी मिळून कमावलेला असेल. सावलीला चार-पाच शक्ती देऊ नका. नियम वाढले की भीती कमी होते आणि खेळाडू त्यातल्या पळवाटा मोजायला लागतात.

आता एक इशारा, आणि यावर मी ठाम आहे. शेवटी 'अमात्य वाईट नव्हताच, त्याला सावलीने झपाटलं होतं' असं करू नका. भुतावर खापर फोडलं की दरबारवाल्या तिघांचे आठ महिने पाण्यात जातात. कोणाला वश करायचं, कोणाला धमकवायचं, कोणाचा लोभ ओळखायचा यात त्यांनी डोकं घातलेलं असतं, आणि तुम्ही सांगता की तिथे माणूस नव्हताच. त्याचप्रमाणे सावलीने 'हाच खरा वारस' असं ठरवून दिलं तर मतं, करार, लाच सगळं निकामी होतं. अमानवी शक्तीने संधी द्यावी, किंमत मागावी, मुदत घालावी. निवड माणसाची. अमात्याने साक्षीदार खाली पाठवले ते स्वतःच्या बुद्धीने, आणि तोच त्याचा गुन्हा.

राजपुत्राच्या प्रेताकडे येऊ. जे बोललात ते मागे घेऊ नका. 'तो मंत्र चाललाच नव्हता' म्हणालात, तर त्या खेळाडूने वापरलेल्या युक्तीला तुम्ही शिक्षा केल्यासारखं होईल आणि पुढच्या वेळी कोणी काही करून बघणार नाही. त्याऐवजी मंत्राचा मजकूर नीट वाचा. पाच प्रश्न विचारता येतात. उत्तरं बहुधा त्रोटक, कोड्यात किंवा पुन्हा पुन्हा तीच. प्रेताला तोंड शाबूत लागतं. एकदा मंत्र टाकला की १० दिवस त्याच प्रेतावर पुन्हा चालत नाही. आणि सगळ्यात मोलाचं: प्रेताला जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच ठाऊक असतं. मग विष घातलेला पेला पिणाऱ्याला ते कोणी कालवलं हे कसं कळलं असेल? कळलं नव्हतं. त्याची तशी खात्री होती. मरताना त्याच्या मनात जे नाव होतं ते त्याने सांगितलं. तुम्ही चुकून एक साक्ष दिलीत. निकाल अजून लागायचाय.

पण म्हणून आता 'अमात्य निर्दोष होता, फसलात!' असा डाव टाकू नका. तीही फसवणूकच. अर्धं खरं ठेवा: विष अमात्याने घातलं नाही, पण त्याला आधी कळलं होतं आणि तो गप्प बसला. मंत्र वापरणारीचा संशय बरोबर ठरतो, आणि 'मग घातलं कोणी?' हा प्रश्न उघडा राहतो. हे पुढच्या बैठकीत लपूनछपून घुसडायचं नाही. सुरुवातीलाच सांगा की नियमाप्रमाणे प्रेत जेवढं जाणत होतं तेवढंच बोललं, आणि मी ते तेव्हा स्पष्ट केलं नाही. एक वाक्य पुरतं.

असे मंत्र पुढेही येणार. सत्य वदवणाऱ्या मंत्राचं वर्तुळ १५ फूट त्रिज्येचं आणि १० मिनिटांचं असतं. त्यात अडकलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, पण मंत्र चालू आहे हे त्याला कळतं आणि तो उत्तर टाळू शकतो, शब्दांची कसरत करू शकतो. म्हणजे मुरलेल्या मुत्सद्द्याशी बोलण्याचा तो उत्तम प्रसंग आहे. त्यावर बंदी घालू नका, फक्त दरबाराचे तीन संकेत आधीच जाहीर करून ठेवा. परवानगीशिवाय सरदारावर मंत्र टाकणं म्हणजे दरबारात तलवार उपसणं. मंत्राने मिळालेली कबुली एकटी पुरावा ठरत नाही, सोबत कागद किंवा दुसरा साक्षीदार लागतो. आणि बड्या असामीला मंत्राला नकार देण्याचा हक्क आहे, पण तो नकार सगळ्यांना दिसतो. असं केलं की मंत्राने 'कोण' कळतं, आणि 'आता हे सिद्ध कसं करायचं, कोणासमोर, कोणाला दुखावून' हे सगळं खेळायला शिल्लक राहतं. खरं राजकारण तिथेच आहे.

पुराव्यांबद्दल थोडं हिशोबाने बोलू. ज्या माहितीवाचून गोष्ट पुढे सरकत नाही ती कधी एकाच फाशावर टांगू नये. फाशावरचा आकडा आणि पात्राच्या कौशल्याची भर मिळून आव्हानाचा आकडा गाठायचा असतो. आव्हान १३चं आणि खेळाडूची भर ४ असेल, तर २० बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे शक्यता ६० टक्के. एकच धागादोरा ठेवला तर दहातल्या चार वेळा गाडी तिथेच अडणार. दोन स्वतंत्र धागे ठेवले तर किमान एक हाती लागण्याची शक्यता ८४ टक्के होते, तीन ठेवले तर जवळपास ९४. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाला तीन धागे, आणि तुमच्या गोष्टीत ते तीन ठिकाणी: एक दरबारातल्या माणसाच्या तोंडी, एक टाक्यात, एक कागदावर. 'अमात्याला आधी माहीत होतं' हे एकतर वैद्याच्या बोलण्यातून कळेल, किंवा टाक्यात नाव हरवून बसलेल्या हुजऱ्याच्या कंबरेला सापडलेल्या चिठ्ठीतून, किंवा कोठीच्या वहीतल्या खाडाखोडीतून. कोणत्याही गटाने शोधलं तरी सापडतं, आणि दोन गटांनी दोन तुकडे आणले की त्यांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

गोष्टीची मुदत दिसण्यासाठी घड्याळं वापरा. वर्तुळ काढायचं, त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करायचे आणि संकट जवळ येईल तसा एकेक भाग रंगवायचा. अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१०च्या खेळात अशी उलटमोजणीची घड्याळं होती, आणि २०१७च्या ब्लेड्स इन द डार्कने ती सर्वतोमुखी केली. तुम्हाला तीन पुरे: 'राजाचा श्वास' ६ भागांचं, 'अमात्याचे सरदार' ६ भागांचं, 'टाक्याचं पाणी' ८ भागांचं. ती एकमेकांना जोडा. अमात्याने एक साक्षीदार खाली पाठवला की त्याचं घड्याळ एक भाग पुढे जातं, कारण एक विरोधक कमी झाला. आणि पाण्याचंही एक भाग पुढे जातं, कारण सावलीला एक नाव मिळालं. पाणी चार भागांवर आलं की वरच्या वाड्यातली माणसं झोपेत नावं विसरायला लागतात, सहावर गेलं की राजाला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही. दरबारवाल्यांना टाक्याची काळजी वाटावी म्हणून वेगळं भाषण द्यावं लागत नाही, घड्याळच ते काम करतं.

घड्याळं बिघडतात ती तीन कारणांनी. संख्या पाचाच्या वर गेली की सूत्रधारालाच कुठलं का पुढे गेलं ते आठवत नाही. भाग कधी रंगवायचा हे आधी ठरलेलं नसलं की खेळाडूंना तो मनमानी दंड वाटतो; म्हणून प्रत्येक घड्याळाखाली 'हे घडलं तर एक भाग' असं एक वाक्य लिहा. आणि ती लपवून ठेवली तर त्यांचा उपयोगच संपतो. कागद टेबलाच्या मधोमध ठेवा.

आता मोबाइल काढणारे तिघं. त्यांना दरबार आवडत नाही असं तुम्ही धरून चाललात, पण बहुतेक वेळा त्यांना दरबारात काय करता येतं हेच दिसत नसतं. भुयारात दार दिसतं, राक्षस दिसतो, करायचं काय ते आपोआप कळतं. दरबारात मात्र आपण म्हणतो, 'दरबार भरलाय, सरदार कुजबुजताहेत, तुम्ही काय करता?' ज्याला अशा प्रसंगाची सवय नाही तो काय करणार? त्याऐवजी असं म्हणा: 'सूर्यास्तापूर्वी अमात्य राजाच्या उशाशी जाऊन कारभारपत्रावर, म्हणजे राज्याचा कारभार स्वतःकडे घेणाऱ्या कागदावर, सही घेणार आहे. दाराशी दोन पहारेकरी आहेत, आत वैद्य आहे, कोठीवाला जिन्याखाली कोणाची तरी वाट बघतोय.' यात एक निर्णय आहे, एक मुदत आहे, आणि कोणीच काही केलं नाही तर काय होईल हेही स्पष्ट आहे. पहारेकऱ्यांपाशी तलवारबाजाला काम आहे, जिन्याखाली चोराला काम आहे. दरबाराचा प्रत्येक प्रसंग बसवताना ही तीन उत्तरं तयार नसतील तर तो प्रसंग अजून पिकलेला नाही, पुढे ढकला.

सूत्रधाराच्या पात्रांसाठी पत्ते बनवा, हातात मावतील एवढे, प्रत्येकावर तीनच ओळी: याला हवं काय, भीती कशाची, हातात काय. कोठीवाल्याचा पत्ता असा: 'हवं: मुलाला किल्लेदारी. भीती: धान्याच्या हिशोबातली तूट उघड होईल. हातात: टाक्याच्या खालच्या दाराची किल्ली.' एवढ्या तीन ओळींवर तो कोणत्याही प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. सात पत्ते पुष्कळ झाले. पंधरा दिवसांच्या अंतराने भेटणाऱ्या माणसांना त्याहून जास्त नावं लक्षात राहत नाहीत, आणि एका बैठकीत दोनाहून अधिक नवी माणसं तर अजिबात आणू नयेत. सातांपैकी निदान चौघांच्या तिसऱ्या ओळीत टाक्याशी संबंधित काहीतरी असू द्या.

हेच पत्ते मोकळ्या बसलेल्यांच्या हातात द्या. तिघं दरबारात बोलत असताना बाकीच्या तिघांपैकी एकाला कोठीवाला करा, एकीला वैद्य. सूचना एकच: सहज 'हो' म्हणायचं नाही, पण किंमत सांगायची. जो अर्धा तास कंटाळून बसला असता तो आता सौदा करतोय, आणि कोठीवाल्याकडे किल्ली आहे हे त्याला आतून कळलंय. टाक्यात उतरल्यावर उलट करा. दरबारवाल्यांना नाव विसरलेल्या माणसांच्या भूमिका द्या. स्वतःचं नाव आठवत नसलेला माणूस साकारायला त्यांना टाक्यावाल्यांपेक्षा जास्त रस असतो, करून बघा.

मन वळवण्यासाठी फासे टाकण्याची पद्धतही थोडी बदला. फासा 'तो ऐकतो की नाही' यावर टाकला तर अपयश म्हणजे बंद दार, आणि प्रसंग मरतो. फासा 'तो किती किमतीत ऐकतो' यावर टाका. यश आलं तर कोठीवाला मुलाच्या शब्दावर किल्ली देतो. अपयश आलं तर किल्ली देतो, पण तुटीचा आळ तुमच्यापैकी एकाने अंगावर घ्यायचा या अटीवर. तलवारबाजाच्या बोलण्याच्या कौशल्यात जोर नसेल तर नियमपुस्तकातलाच पर्यायी नियम वापरा: कौशल्याची भर दुसऱ्या गुणाशी जोडता येते, धाक दाखवताना व्यक्तिमत्त्वाऐवजी ताकद मोजता येते. दाराची फळी हाताने मोडून दाखवणाऱ्याला तुसडं बोलण्याचा दंड कशाला?

वेळेचं गणित एकदा मांडून बघा. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. सुरुवातीचं बोलणं, उजळणी आणि विश्रांती यात २५ गेली, उरली १५५. सहा जणांत भागिली की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २६ मिनिटं येतात. तुमचा एक दरबार ५० मिनिटं चालत असेल तर तिघांच्या डोक्यावरून जवळपास तासभर पाणी जातंय. निम्मे खेळाडू नुसते बघत बसणार असतील तर तो प्रसंग १५ मिनिटांच्या वर नेऊ नका. गट दोन ठिकाणी असेल तर ७-८ मिनिटांनी इकडून तिकडे उडी मारा, आणि उडी उत्तरावर न मारता प्रश्नावर मारा. अमात्य म्हणतो, 'किल्ली तुमच्याकडे कशी आली?' आणि तिथेच कापून टाक्यात जा. दरबारवाल्यांना उत्तर शोधायला आठ मिनिटं मिळतात आणि त्यांचे कान टाक्याकडे राहतात, कारण किल्ली तिथे वापरली जातेय.

भीतीची मात्रा मात्र जपून. प्रत्येक बैठकीत सावली दिसली तर चौथ्या वेळी ती नुसती एक शत्रू होते. आधी खूण: भिंतीवर कोरलेली आणि घासून पुसलेली नावं. मग स्पर्श: ओळखीचा पहारेकरी हाक मारल्यावर वळत नाही. प्रत्यक्ष ती सगळ्यात शेवटी, आणि तीही एका बैठकीत एकदाच. आणखी एक, आणि हे आधी व्हायला हवं होतं: नाव विसरणं ही भीती सगळ्यांसाठी सारखी नसते. कोणाच्या घरात स्मृतिभ्रंशाचा आजार असेल तर हाच प्रसंग त्याला खेळ वाटणार नाही. प्रत्येकाला वेगळं, खासगीत विचारा: काय अजिबात नको, आणि काय आलं तरी चालेल पण तपशिलात नको. कारण विचारू नका. कोणी 'नको' म्हणालं तर सावली नावाऐवजी आवाज घेऊ लागली तरी साक्ष, शपथ, सही हे सगळं तसंच अडतं. गाठ सुटत नाही.

खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध कारस्थान करायचं का, हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण दरबार तापला की येतोच. पात्राने पात्रापासून लपवावं, खेळाडूने खेळाडूपासून शक्यतो लपवू नये. टेबलावर सगळ्यांना माहीत असलेलं गुपित जास्त रंगतं, कारण बाकीचे ते उघडं पडेल असे प्रसंग मुद्दाम जुळवून आणतात. गुप्त निरोपांवर चालणारा दगाफटका आठ महिन्यांच्या मैत्रीला जड जातो, आणि दोघांची आधी संमती नसेल तर तो नकोच.

मधल्या पंधरा दिवसांचा लेखी खेळ दरबारासाठी राखून ठेवा. पत्रं, निरोप, करारातले शब्द, अफवा या गोष्टी लिहिण्यात खुलतात. टाक्यातली धावपळ लिहिण्यात विरते, कारण तिथे प्रत्येक पावलाला कोणाच्या तरी उत्तराची वाट बघावी लागते. एक नोंद १५० शब्दांपर्यंत. नोंदीच्या शेवटी दुसऱ्या कोणासाठी तरी करण्याजोगं काही सोडायचं: दारावर थाप, पुढे केलेला कागद, विचारलेला प्रश्न. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, त्याला काय वाटलं हे आपण लिहायचं नाही. ४८ तासांत उत्तर आलं नाही तर ते पात्र 'विचार करतंय' असं धरून पुढे जायचं, त्याचं नुकसान करायचं नाही. आणि बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही पाच ओळींत सद्यस्थिती लिहायची, घड्याळांच्या आकड्यांसकट.

पुढची बैठक अशी बसवा. पहिली १० मिनिटं प्रेताच्या साक्षीचा खुलासा, घड्याळं आणि दरबाराचे तीन संकेत. ५ मिनिटं उजळणी. मग २५ मिनिटं कारभारपत्राचा प्रसंग, कोठीवाला आणि वैद्य टाक्यावाल्यांच्या हातात. त्यानंतर ४५ मिनिटं दोन्ही ठिकाणी आलटून पालटून: खाली हुजऱ्याचा शोध, वर अमात्याला बोलण्यात गुंतवून ठेवणं. १० मिनिटं विश्रांती. पुढचा तास दरबारात सगळे एकत्र: हुजऱ्या समोर उभा आहे, त्याला स्वतःचं नाव माहीत नाही, अमात्य म्हणतोय की निनावी माणसाची साक्ष धरता येत नाही. त्याचं नाव हजेरीवहीत आहे, वही दरबारवाल्यांकडे आहे, आणि नाव पुकारल्यावर काय होतं हे फक्त टाक्यावाल्यांनी पाहिलंय. उरलेल्या वेळात परिणाम, घड्याळं, आणि प्रत्येकाला एक प्रश्न: तुझं पात्र पुढच्या पंधरा दिवसांत कोणाला भेटणार? बैठक लांबली तर शेवटच्या तासातलं काही कापू नका, आलटून पालटून चाललेला भाग आटोपता घ्या.

आणि मंत्र वापरणाऱ्या खेळाडूला आजच लिहा, बैठकीची वाट न बघता: 'तुझी युक्ती चांगली होती, ती वाया जाणार नाही. राजपुत्राने त्याला जे खरं वाटत होतं ते सांगितलं. तुझे किती प्रश्न विचारून झाले? पाचांतले उरलेले काय विचारणार होतीस?' मंत्राची १० मिनिटं तिथेच मोडली असतील तर नियमाने ते प्रश्न गेले, पण चूक तुमची होती, म्हणून ते तिला परत द्या आणि तिची उत्तरं पुढच्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत खेळून घ्या.